पट्टीखालचा अभ्यासक्रम

माझ्या आत्याने सरकारी पाठ्यपुस्तक भांडारात एकोणतीस वर्षं खळ लावली. कुणी विचारलं, "तुमच्या आत्या काय करतात?" तर मी "शिक्षण खात्यात आहेत" असं सांगून मोकळी होत असे. त्यात खोटं काहीच नव्हतं. आमच्या शिक्षण खात्याचं जे एक काम दरवर्षी अगदी वेळेवर पार पडतं, ते हेच.

काम असं. आमच्याकडे शिक्षण सक्तीचं आहे. सहा वर्षांच्या पोराला शाळेत घातलं नाही तर आईबापांना नोटीस येते. पोर एकदा शाळेत आलं की त्याला काय शिकवायचं, हे मात्र निवडणुकीवर असतं. नवं सरकार आलं की पहिल्या महिन्यात रस्त्यांची नावं बदलतात आणि दुसऱ्या महिन्यात पाठ्यपुस्तकं. रस्त्याचं पाटी बदलून भागतं. पुस्तकं मात्र छापून, शिवून, गठ्ठे होऊन पडलेली असतात, ती काय फेकून देणार? मग नको असलेल्या ओळीवर हव्या असलेल्या ओळीची छापील पट्टी चिकटवायची. ही पट्टी चिकटवणाऱ्या सोळा बायकांपैकी सातव्या नंबरची माझी आत्या.

पत्र्याच्या छपराची लांबलचक खोली, मधोमध टेबल, दोन्ही बाजूंना आठ-आठ बायका. प्रत्येकीपुढे खळीची वाटी, चपटा ब्रश, ओलं फडकं आणि डाव्या हाताला पुस्तकांची चळत. भांडारप्रमुख हातात गुण्या घेऊन फिरायचे. पट्टीचा कोपरा ओळीशी काटकोनात बसला नाही की ते पुस्तक परत. म्हणून सगळ्याजणी त्यांना मागे "काटकोन" म्हणत. पट्टीवर काय लिहिलंय याबद्दल काटकोन साहेबांनी कधी चकार शब्द काढला नाही. ती सरळ हवी, एवढंच.

एका वर्षी गडबड झाली होती. नव्या मंत्र्यांच्या जन्माची पट्टी कुणीतरी बेडकाच्या जीवनक्रमात चिकटवली आणि दोन तालुक्यांतल्या मुलांनी मंत्री अंड्यातून आल्याचं पाठ केलं. तेव्हापासून नियम निघाला: जी ओळ झाकायची ती आधी पूर्ण वाचायची, ओठ हलवून वाचायची, आणि मगच झाकायची. नवी पट्टी कुणी वाचत नसे. ती पालथी हातात यायची, तिच्या पाठीला खळ लागायची, उलटली की लगेच वरून ओलं फडकं फिरायचं आणि तोवर पुढचं पुस्तक उघडलेलं असायचं.

त्यामुळे झालं काय, की मुलांनी जे जे वाचू नये असं सरकारला वाटलं, ते ते माझ्या आत्याने हजारो वेळा वाचलं. मुलांनी जे वाचावं असं सरकारला वाटलं, त्याची तिने फक्त पाठ पाहिली.

हिला वाचता तरी येत होतं का, असा प्रश्न कुणी विचारेल. येत होतं, चौथीपर्यंतचं. ती चौथीत असताना माझ्या बाबांचा जन्म झाला. आजी गिरणीत जायची, तान्ह्या बाळाला कुणीतरी घ्यायला हवं होतं आणि घरात रिकामी मुलगी होती. शिक्षण तेव्हाही सक्तीचंच होतं बरं का. हजेरीवाला वही घेऊन दारात आला. आजोबांनी सांगितलं, "पोरगी मामाकडे गेली, तिकडेच राहणार." आत्या आतल्या खोलीत बाळाच्या तोंडावर हात ठेवून ऐकत होती. हजेरीवाल्याने वहीत लिहिलं, "गाव सोडले." तर सरकारदरबारी माझी आत्या वयाच्या नवव्या वर्षी गाव सोडून गेलेली आहे, आणि त्याच गावात, त्याच गल्लीत, गेली सत्तेचाळीस वर्षं भाजी निवडत बसलेली आहे.

बाबा तिच्या कडेवरून थेट शाळेत गेले, शिकले, त्यांनी मला शिकवलं आणि मी शिक्षिका झाले. सातवीला समाज आणि नागरिकशास्त्र शिकवते. म्हणजे आत्या ज्यावर पट्ट्या लावायची, ते मी पाच वर्षं तोंडाला फेस येईस्तोवर मुलांकडून घोकून घेतलं. दोघी एकाच पुस्तकावर पोट भरत होतो.

सगळं सुरळीत चाललेलं खात्याला बघवत नाही. आत्या छप्पन्न वर्षांची असताना फतवा निघाला: शिक्षण खात्यातला प्रत्येक कर्मचारी किमान सातवी पास हवा. ज्याच्याकडे दाखला नाही, त्याला जूनअखेर घरी पाठवणार. आत्याला पेन्शनीला पावणेदोन वर्षं उरली होती. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, माझ्या घरी राहायला ये म्हटलं तर म्हणायची, "अगं, भाचीच्या घरी चार दिवस बरी दिसते मी, पाचव्या दिवशी मलाच मी नकोशी होते." ती पेन्शन म्हणजे तिचं स्वतःचं दार, स्वतःची कडी. ते हातचं जाणार होतं.

"बाहेरून बसते परीक्षेला," ती म्हणाली. "तू शिकव."

मला वाटलं, त्यात काय मोठंसं! पाच वर्षं हेच तर करतेय. गणित आणि भाषेची काळजीच नव्हती. गठ्ठे मोजून तिचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का झालेला, आणि अक्षर तर मोत्यासारखं. मी मोठ्या ऐटीत नागरिकशास्त्राचं पुस्तक उघडलं.

"नदीवरचा मोठा पूल कोणी बांधला?"

"आता कोणी बांधलाय?" आत्याने विचारलं.

"आता म्हणजे? पूल एकदाच बांधतात, आत्या."

"पूल एकदाच बांधला गं. बांधणारे चारदा बदलले. आधी राजाने बांधला होता. मग तो लोकांनी श्रमदानातून बांधला. मग परदेशात शिकून आलेल्या इंजिनियराने. त्याच्यावर मी पट्टी लावली तेव्हा कोण आला, ते मला नाही माहीत. मी वाचलं नाही."

"आपल्या पूर्वजांच्या प्राचीन विद्येने," मी सांगितलं.

"पूर्वजांनी? अगं, त्याचं सिमेंट उतरवायला माझे वडील जायचे."

"आत्या, परीक्षेत वडील लिहायचे नाहीत. पूर्वज लिहायचं."

"वडील पूर्वजांत येत नाहीत का?"

मी पान उलटलं. पुढच्या धड्यात घराचं चित्र होतं. आधीच्या सरकारच्या काळात त्यात बाबा स्वयंपाक करत होते आणि आई वर्तमानपत्र वाचत होती. नव्या सरकारला ते काही रुचलं नाही, म्हणून बाबांवर आईची पट्टी आली आणि आईवर बाबांची. पण पट्टी छापताना माप चुकलं होतं. शेगडीपुढे उभ्या असलेल्या आईच्या खाली बाबांची पावलं तशीच राहिली होती.

"या घरातल्या आईला चार पाय आहेत," आत्या म्हणाली. "कामच तेवढं असेल बिचारीला."

नदीची लांबी विचारली, तर तिने बारा मैल कमी सांगितली. आताच्या सरकारने देशाचा अभिमान म्हणून नदी वाढवली होती, ते तिच्या गावीही नव्हतं. नागरिकाचं पहिलं कर्तव्य कोणतं, असं विचारलं तर म्हणाली, "प्रश्न विचारणे."

"ते जुनं झालं. आता आहे 'अभिमान बाळगणे'."

"मीच झाकलं ते. पण खाली आहे ना अजून?"

मी वैतागले. पाच वर्षांत असा विद्यार्थी भेटला नव्हता. मुलांना काहीच येत नसतं, ते सोपं. हिला सगळं यायचं, फक्त एकेक सरकार मागचं. सरतेशेवटी मी तिला दटावलं, की विचार करू नकोस, नुसतं पाठ कर. हे वाक्य मी वर्गात रोज म्हणते. आत्यापुढे म्हणताना प्रथमच जीभ अडखळली. तरी म्हटलंच. तिने मान डोलावली आणि तीन महिने मुकाट्याने पाठ केलं.

परीक्षा माझ्याच शाळेत होती, माझ्याच वर्गाबरोबर. एकोणचाळीस मुलं आणि एक आत्या. बाक बुटके, म्हणून ती गुडघे बाहेर काढून तिरकी बसली. मुलं तिला "नवीन मुलगी" म्हणायला लागली आणि तिला ते फार आवडलं. शेवटच्या घंटेपर्यंत ती मान वर न करता लिहीत होती. बाहेर आली तेव्हा चेहरा फुलला होता.

"पुरवणी घेतली," ती म्हणाली. "दोन."

घरी बसून मी तिच्याकडून एकेक उत्तर वदवून घेतलं आणि मनातल्या मनात गुण देत गेले. पूल इंजिनियराने बांधला होता. नदी बारा मैल कमी. कर्तव्य, प्रश्न विचारणे. शंभरपैकी एकोणीसच्या वर काही जात नव्हते, आणि पास व्हायला पस्तीस लागत होते.

"मी सांगितलेलं पाठ केलं होतंस ना?"

"केलं होतं गं. घरून निघताना सगळं म्हणूनही पाहिलं. पण पेपर हातात घेतला आणि हाताने जे वाचलंय तेच लिहिलं." मग तिने विचारलं, "फार चुकलं का?"

मी "बघू" म्हटलं. खरं तर त्या दिवशी मी तिची नोकरी गेली असंच धरून चालले होते. खातंही धरून चाललं होतं. काटकोन साहेबांनी तिच्या जागी नवी बाई शोधायला सुरुवात केली आणि तिचा ब्रश कुणाला द्यायचा यावरून टेबलावर दोघींची जुंपली. आत्या समोरच बसलेली होती.

पण पेपर तपासायच्या आधी निवडणूक लागली. निकाल अडकले, कारण तपासणारे सगळे शिक्षक मतपेट्यांवर. आणि सरकार पडलं. दहा वर्षांपूर्वी ज्यांना घालवलं होतं, तेच परत आले. आल्या आल्या त्यांनी नेमाने रस्त्यांच्या पाट्या बदलल्या, आणि पाठोपाठ परिपत्रक काढलं: मागच्या सरकारने घुसडलेला मजकूर रद्द, आमचा मूळ मजकूर ग्राह्य, आणि चालू परीक्षेचे पेपरही त्याप्रमाणेच तपासावेत.

निकाल लागला. समाज आणि नागरिकशास्त्रात माझ्या आत्याला एक्याऐंशी गुण मिळाले. माझ्या वर्गातली एकोणचाळीसच्या एकोणचाळीस मुलं नापास.

खात्याकडून मला एकाच पाकिटात दोन पत्रं आली. एकात प्रौढ विद्यार्थिनीला केलेल्या उत्कृष्ट मार्गदर्शनाबद्दल अभिनंदन होतं. दुसऱ्यात वर्गाचा निकाल शून्य टक्के का लागला, याचा सात दिवसांत खुलासा मागितला होता. दोन्हींवर एकाच साहेबांची सही होती.

मी दाखला घेऊन आत्याकडे धावत गेले. वाटलं, ती आनंदाने रडेल. तिने दाखला नीट वाचला, ओठ हलवून, आणि बाजूला ठेवला.

"आणि पोरं?"

"नापास. वर्ष परत करावं लागेल त्यांना."

"त्यांनी तुझ्या पुस्तकात होतं तेच लिहिलं होतं ना?"

"हो."

"तू शिकवलंस तेच?"

"हो, आत्या."

"मग?"

मला राग आला. आधी तिचा आला, कारण इतक्या आनंदाच्या दिवशी हे काय काढलं हिने! आणि घरी येताना स्वतःचा आला. त्या मुलांना विचार करू नका, पाठ करा, असं सांगणारी मीच होते आणि त्यांनी माझं ऐकलं होतं.

आत्या दाखला घेऊन भांडारात रुजू झाली. नव्या सरकारच्या पट्ट्या गठ्ठ्यांनी येऊन पडल्याच होत्या. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच तिने एक पट्टी उलटून वाचली. सातवी पास बाई ती आता, वाचणारच. वाचली आणि उठून थेट काटकोन साहेबांकडे गेली.

"साहेब, ही ओळ तर खाली आहेच. दहा वर्षांपूर्वी मी माझ्या हाताने झाकली होती. नवी कशाला चिकटवायची? वरची पट्टी ओल्या फडक्याने भिजवून काढली की झालं."

साहेबांनी तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "बाई, आपल्याकडे चिकटवण्याची पदं मंजूर आहेत. काढण्याचं एकही नाही."

तेव्हा मग तीच ओळ त्याच ओळीवर चिकटवली गेली, मधे एक सरकार दाबून. आत्या कामाला लागली. आमच्या शाळेचा सातवीचा गठ्ठा तिच्या टेबलावर आला तेव्हा मात्र तिने एक गोष्ट केली, आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाही.

मला ते वर्गातच कळलं. नापास झालेली तीच एकोणचाळीस मुलं पुन्हा माझ्यापुढे बसली होती. पुस्तकं वाटून पंधरा मिनिटं झाली नाहीत तोच वर्गात कुजबुज सुरू झाली. जाऊन बघते तर काय, पट्ट्यांना खळ फक्त वरच्या कडेला होती. बाकी तीन बाजू मोकळ्या. पट्टी उचलली की खाली मागच्या वर्षीची ओळ दिसायची. मुलं पट्टी उचलत होती, खाली बघत होती, सोडत होती, पुन्हा उचलत होती. चार पायांची आई सापडल्यावर तर वर्ग खदखदला.

मी पुस्तकं परत करायला हवी होती. नियम तसाच आहे. पण पाच वर्षांत माझा वर्ग मी सांगायच्या आधी पुस्तक वाचताना मी पाहिला नव्हता. मी पुस्तकं मुलांकडेच राहू दिली. चक्क आठवडाभर राहू दिली. घरी आत्याकडे चहा प्यायला गेले तेव्हाही काही बोलले नाही, आणि तीही माझ्याकडे न बघता कपबशा विसळत राहिली.

तपासनीस साहेब कुणालाही न कळवता आले. शून्य टक्क्यांचा वर्ग बघायला आले होते. त्यांनी दुसऱ्या बाकावरच्या मुलीला उभं केलं.

"पान चौदा. नागरिकाचं पहिलं कर्तव्य. वाच."

मुलीने पान काढलं, माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, "सर, वरचं वाचू की खालचं?"

"वरचं म्हणजे? खालचं म्हणजे काय?"

तिने पट्टी उचलून दाखवली. साहेबांना समजत नाहीये असं वाटून तिने त्यांना समजावलंही. "खालचं लिहून आम्ही गेल्या वर्षी नापास झालो, सर. वरचं यंदाचं आहे. पण परीक्षेला अजून आठ महिने आहेत. तोपर्यंत कुठलं लागेल सांगता येत नाही, म्हणून आम्ही दोन्ही करून ठेवलंय."

वर्गात कुणी हसलं नाही. मुलांना ते साधं, शहाणपणाचं बोलणं वाटलं. साहेबांनी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हे कोणी केलं?"

मी घाबरले होते. "पुस्तकं अशीच आली," मी म्हणाले. तपासनिसाला आयुष्यात दिलेलं माझं ते पहिलं खरं उत्तर, आणि त्यानेच आत्याची नोकरी गेली. गठ्ठ्याच्या कागदावर चिकटवणारीचा नंबर असतो. सात.

आठ दिवसांत तिला काढलं. पेन्शनीला दीड वर्षही उरलं नव्हतं. कारण म्हणून पत्रात लिहिलं होतं, "खळ लावण्यात हेतुपुरस्सर कुचराई." पत्राला सातवीच्या दाखल्याची प्रत जोडलेली होती, कारण आता ती शिक्षित कर्मचारी असल्याने तिला अजाणतेपणाची सवलत नव्हती.

मी तिच्याकडे गेले तेव्हा ती नळाखाली हात धरून नखांतली खळ काढत बसली होती. मी दारातच रडायला लागले. मी तुझं नाव घेतलं नाही गं, पण घेतल्यासारखंच झालं, मी खोटं बोलायला हवं होतं, असं काहीबाही बोलत सुटले. तिने नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि मला खुर्चीवर बसवलं.

"ते राहू दे," ती म्हणाली. "ती पोरगी साहेबांना नक्की काय म्हणाली, ते सांग."

मी सांगितलं.

"असं नाही. उभी कशी राहिली, तिथून सांग."

मी उठून उभी राहिले आणि पहिल्यापासून सांगितलं. आत्या हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती, आणि माझं सांगून झालं की म्हणत होती, "पुन्हा सांग."